टाकीत न मावणारा समुद्र: छोट्या वेगवान बोटी आणि इंधनाचा हिशोब

१/
१२ मार्च १९४२ची पहाट. फिलिपीन्समधील कुयो बेटांच्या परिसरात अमेरिकी नौदलाची ‘पीटी-३२’ ही छोटी टॉर्पेडो बोट आपल्या सोबतिणींपासून चुकून एकटी पडली होती. अंधुक उजेडात एक आकृती वेगाने जवळ येताना दिसली. जपानी विनाशिका असावी असे समजून कप्तानाने डेकवर बांधलेले पेट्रोलचे ड्रम समुद्रात लोटून देण्याचा हुकूम दिला. वजन उतरले तरच बोट पळू शकणार होती. टॉर्पेडोही सज्ज झाले. आणि मग ओळख पटली. येणारी बोट आपलीच होती.

२/
ड्रम मात्र गेले होते. शत्रूची एक गोळीही न लागता पीटी-३२चा प्रवास त्या पहाटे जवळजवळ संपला, कारण पुढच्या मुक्कामापर्यंत पोचण्याइतके पेट्रोल तिच्यापाशी उरले नव्हते.
युद्धाच्या इतिहासात आपण तोफा, क्षेपणास्त्रे आणि सेनापती यांच्याविषयी पुष्कळ वाचतो. आजचा धागा टाकीविषयी आहे. छोट्या, वेगवान बोटीने उघडा समुद्र ओलांडायचा, तर इंधन न्यायचे कुठे, कसे आणि कशाच्या मोबदल्यात?

३/
आधी थोडे गणित, कारण पुढच्या सर्व कथा त्यावर उभ्या आहेत.
समजा एका जेट बोटीत ३०० लिटरची टाकी आहे. शांत पाण्यात ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना ती तासाला ६० लिटर पेट्रोल पिते. म्हणजे ५ तास, २५० किलोमीटर. कागदावर तिचा पल्ला २५० किलोमीटर झाला. पण या आकड्याच्या भरवशावर जो समुद्रात जाईल, त्याला परत आणायला दुसरी बोट पाठवावी लागेल.

४/
म्हणून दर्यावर्दी मंडळींत एक जुना ठोकताळा चालत आला आहे: एक तृतीयांश इंधन जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव. आपल्या बोटीने जाताना फक्त १०० लिटर जाळायचे, म्हणजे फार तर ८३ किलोमीटर जायचे. २५०चे ८३ झाले!
हा ठोकताळा भित्र्यांचा वाटतो. पण परतताना समोरून वारा आणि लाटा आल्या, वेग ताशी ४० वर उतरला आणि खप ताशी ७५ लिटर झाला, असे धरून पाहा. आता किलोमीटरला १.२ऐवजी जवळजवळ १.९ लिटर लागेल. तेच ८३ किलोमीटर परतायला सुमारे १५६ लिटर. उरले ४४.

५/
म्हणजे ‘राखीव’ म्हणून ठेवलेल्या साठ्यातील निम्म्याहून अधिक भाग एका साध्या उलट्या वाऱ्याने खाल्ला. वाट चुकणे, एखादे इंजिन बंद पडणे, दुसऱ्याला वाचवायला वळणे यांतले काहीच अजून घडलेले नाही. शिवाय टाकीच्या तळाशी पंपाला न खेचता येणारे थोडे इंधन राहतेच, आणि हेलकाव्यांत ते अधिकच वाढते.
पल्ला हा टाकीचा गुण नव्हे. तो टाकी, समुद्र आणि परतीची वाट या तिघांमधला करार आहे.

६/
मग जास्त इंधन घेऊन का जाऊ नये? कारण इंधनालाही वजन असते. ४०० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३०० किलो भरते, म्हणजे चार-पाच धट्टीकट्टी माणसे. वेगवान बोट पाणी कापत जात नाही. ठराविक वेगानंतर ती पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत धावते. बोजा वाढला की ती उचललीच जात नाही. नाक वर, शेपूट खाली, अशा अवस्थेत मोठी लाट ढकलत राहते आणि भरमसाट इंधन पिते. जास्त पेट्रोल घेतल्यामुळे पल्ला वाढायच्या ऐवजी घटू शकतो.

७/
जेट बोटीत ही अडचण अधिक तीव्र. तिला पाण्याखाली पंखा नसतो. ती तळातून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून झोताने फेकते. हा झोत मोठ्या वेगात चांगले काम देतो. मंद गतीत बरीचशी शक्ती वाया जाते. म्हणून ‘थोडे हळू जाऊ, पेट्रोल वाचवू’ हा साध्या होडीवाल्याचा मार्ग जेट बोटीच्या सुकाणूवाल्याला तितकासा मोकळा नसतो. तिला धावावेच लागते, आणि धावण्यासाठी हलके असावे लागते.

८/
आता इतिहासाकडे. हलके असावे लागते आणि लांबही जायचे असते, या पेचावर विसाव्या शतकात वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. प्रत्येक उत्तराची किंमत कोणीतरी मोजली.
पहिले उत्तर सर्वांत सरळ: इंधन डेकवर लादा.

९/
मार्च १९४२. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेंट नाझेर येथे एक प्रचंड सुकी गोदी होती. जर्मनीची ‘टिरपिट्झ’ ही महाकाय युद्धनौका अटलांटिकमध्ये उतरली असती, तर तिच्या दुरुस्तीसाठी त्या किनाऱ्यावर सोयीची अशी हीच जागा होती. ब्रिटिशांनी ‘ऑपरेशन चॅरियट’ आखले. स्फोटकांनी भरलेली ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी विनाशिका गोदीच्या दरवाज्यावर धडकवायची, आणि छोट्या मोटर लाँचमधून कमांडो किनाऱ्यावर उतरवायचे.

१०/
अंतर होते इंग्लंडच्या फॅलमथ बंदरापासून ४०० मैलांहून अधिक, आणि तितकेच परत. फेअरमाइल जातीच्या या लाँच लाकडी होत्या, पेट्रोलवर चालत आणि किनारी गस्तीसाठी बांधलेल्या होत्या. एवढा पल्ला त्यांच्या टाक्यांत नव्हता. म्हणून प्रत्येकीच्या डेकवर शेकडो गॅलन पेट्रोल मावेल अशी जादा साठवण बसवली गेली. ताफ्यातल्या मोटर गनबोट ३१४ आणि मोटर टॉर्पेडो बोट ७४ या दोघींना तर पल्ल्याअभावी मोठ्या विनाशिकांनी दोराने ओढत नेले. ही दोराची युक्ती लक्षात ठेवा. ती आपल्याला पुढे अरबी समुद्रात पुन्हा भेटणार आहे.

११/
२८ मार्चच्या रात्री लुआर नदीच्या मुखात जर्मन तोफांनी एकच भडिमार केला. लाकडी कवच, आत पेट्रोल, वर पेट्रोल. एकेक लाँच पेटत गेली, आणि नदीच्या पाण्यावर पसरलेले पेट्रोलही जळत राहिले. ‘कॅम्पबेलटाउन’ने आपले काम चोख केले. गोदीचा दरवाजा उडाला आणि युद्ध संपेपर्यंत ती गोदी जर्मनांच्या उपयोगी पडली नाही. पण १६ लाँचपैकी स्वतःच्या इंजिनावर इंग्लंडला परतल्या फक्त तीन. ६०० हून थोड्या अधिक लोकांपैकी १६९ मृत्युमुखी पडले.

१२/
जादा साठवणीमुळेच हे सगळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोफांच्या तोंडी लाकडी बोट तशीही टिकत नाही. पण ज्या वस्तूमुळे त्या बोटी तिथवर पोचू शकल्या, तीच वस्तू त्यांना सर्वांत ज्वालाग्राही बनवत होती, हे आखणी करणाऱ्यांनाही ठाऊक होते. पल्ला विकत घेतला गेला, आणि किंमत होती आगीचा धोका.

१३/
आता पुन्हा पीटी-३२कडे. सेंट नाझेरच्या दोनच आठवडे आधीची ही गोष्ट.
फिलिपीन्समध्ये जपानी सैन्याचा फास आवळत चालला होता. जनरल डग्लस मॅकआर्थर यांना कॉरेगिडोर बेटावरून बाहेर पडून ऑस्ट्रेलियाला जाण्याचा आदेश मिळाला. पाणबुडीचा पर्याय होता, पण मॅकआर्थर यांनी लेफ्टनंट जॉन बल्कली यांच्या चार पीटी बोटी निवडल्या. पीटी-४१वर जनरल, त्यांच्या पत्नी, चार वर्षांचा मुलगा आणि त्याची दाई. उरलेले अधिकारी ३२, ३४ आणि ३५ या बोटींवर.

१४/
या बोटी ७७ फूट लांबीच्या होत्या. प्रत्येकीत तीन पॅकार्ड पेट्रोल इंजिने आणि सुमारे ३,००० गॅलन, म्हणजे ११,००० लिटरहून अधिक, विमानांना लागते तसले पेट्रोल. मिंदानाओ बेटापर्यंत साडेपाचशे मैलांहून अधिक पल्ला गाठायचा होता. नव्या बोटींना तो जड गेला नसता. पण १० डिसेंबर १९४१च्या कविते तळावरील बॉम्बहल्ल्यात सुटे भाग नष्ट झाले होते, इंजिनांची देखभाल कधीच थकीत झाली होती आणि पेट्रोलमध्ये मेण मिसळलेले आढळत होते. गाळण्या पुन्हा पुन्हा तुंबत. अशा यंत्रांचा खप कागदावरच्या आकड्याशी जुळत नाही. म्हणून डेकवर ड्रम.

१५/
११ मार्चच्या संध्याकाळी बोटी निघाल्या. रात्री खवळलेल्या समुद्रात एकमेकींपासून तुटल्या. पहाटे जे घडले ते आपण सुरुवातीला पाहिले. कप्तान होते लेफ्टनंट व्हिन्सेंट शूमाकर.
त्यांच्या निर्णयाला हसण्याआधी क्षणभर त्यांच्या जागी उभे राहा. समोर विनाशिका असेल, तर डेकवरच्या पेट्रोलला एक गोळी पुरेशी. ड्रम ठेवले तर वेग नाही, आणि जळून मरण. ड्रम टाकले तर वेग आहे, पण पुढची वाट नाही. त्या क्षणी डोळ्यांना जे दिसले त्यावरून निर्णय बरोबर होता. फक्त डोळ्यांना दिसले ते चूक होते.

१६/
ठरलेल्या तागावायान बेटापाशी बोटी जमल्या. पीटी-३२वरच्या प्रवाशांना ३४ आणि ४१ या बोटींवर हलवण्यात आले. १३ मार्चच्या सकाळी मॅकआर्थर मिंदानाओवर उतरले. पीटी-३२ मात्र मागे थांबली. तिथे येणाऱ्या ‘परमिट’ या पाणबुडीने तिच्या खलाशांना आत घेतले, आणि बोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पाणबुडीच्याच तोफेने ती बुडवण्यात आली.
इथे राखीव साठ्याचा दुसरा अर्थ उलगडतो. राखीव इंधन नुसते लिटरमध्ये मोजत नाहीत. ते आणीबाणीत सर्वांत आधी टाकून द्यावे लागेल अशा जागी ठेवले असेल, तर ते राखीव नव्हेच.

१७/
तिसरे उत्तर अगदी उलट दिशेचे: वेगच सोडून द्या.
सप्टेंबर १९४३. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक्समथ आखातातून ‘क्रेट’ नावाची एक जुनी जपानी मासेमारी बोट १४ जणांना घेऊन निघाली. क्रेट म्हणजे आपल्याकडची मण्यार. बोटीत एक गार्डनर डिझेल इंजिन आणि वेग जेमतेम सहा-साडेसहा नॉट, म्हणजे सायकलस्वाराइतका. ही बोट जपानी ताब्यातल्या समुद्रातून सिंगापूरच्या तोंडाशी गेली, तिने तीन छोट्या कनू सोडल्या, त्यांतल्या सैनिकांनी बंदरातील जहाजांना सुरुंग चिकटवले, आणि ती सर्वांना घेऊन १९ ऑक्टोबरला परतली. ४८ दिवस समुद्रात, सगळे १४ जण सुखरूप.

१८/
पाणी कापत जाणाऱ्या बोटीला वेग दुप्पट करायचा तर शक्ती सुमारे आठपट लागते, म्हणजे दर मैलाचा खप सुमारे चौपट. हेच उलटे वाचा: वेग निम्मा केला की त्याच टाकीत चौपट अंतर. ‘क्रेट’चे यश या गणितावर तरले होते.
पण किंमत इथेही होती. शत्रूच्या एखाद्या गस्ती नौकेने हटकले असते, तर पळण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे संरक्षण म्हणजे जपानी झेंडा, कोळ्यांचा वेश आणि नशीब. ज्याला हल्ला करून निसटायचे आहे, त्याच्या कामाचे हे उत्तर नाही.

१९/
आणि नेमके असेच काम १९७१ मध्ये भारतीय नौदलापुढे होते.
सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ओसा जातीच्या आठ क्षेपणास्त्र बोटी त्या वर्षाच्या सुरुवातीस भारतात आल्या. सुमारे २०० टनांची बोट, तीन शक्तिशाली डिझेल इंजिने, ३५ नॉटच्या आसपास वेग आणि चार स्टिक्स क्षेपणास्त्रे. क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ४० सागरी मैल. पण बोटीचा स्वतःचा पल्ला पूर्ण वेगात ५०० सागरी मैलांच्या आसपास. सोव्हिएत कल्पनेत ही किनारा आणि बंदर राखणारी बोट होती.

२०/
मुंबई ते कराची हे समुद्रमार्गे अंतरही सुमारे ५०० सागरी मैल! म्हणजे मुंबईहून पूर्ण वेगात निघालेली बोट कराचीला पोचेल, आणि तिथेच कोरडी पडेल. एक-तृतीयांशाच्या ठोकताळ्याने पाहिले तर तिची झेप १७० मैलांपलीकडे जात नाही. कागदावर पाहता कराचीला या बोटींपासून भय नव्हते.

२१/
कोडे सुटण्याची सुरुवात एका गैरसोयीतून झाली. एवढ्या वजनाची बोट मालवाहू जहाजावरून उचलून पाण्यात सोडणारी क्रेन मुंबई बंदरात नव्हती, म्हणून बोटी कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या. तिथून मुंबईला यायचे तर पुऱ्या द्वीपकल्पाला वळसा. तेव्हा नौदलाच्या मोठ्या जहाजांनी त्यांना दोराने ओढत पश्चिम किनाऱ्यावर आणले. या लांबलचक प्रवासाने एक गोष्ट सिद्ध झाली: ओढून नेली जाणारी बोट आपले इंधन जाळत नाही. तिचा ५०० मैलांचा पल्ला जिथे दोर सुटतो तिथून मोजायचा असतो.

२२/
नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांचे बालपण कराची बंदराच्या मनोरा बेटावर गेले होते. ते बंदर त्यांना तळहातासारखे ठाऊक होते. बंदर राखण्यासाठी घेतलेल्या बोटींनी शत्रूचे बंदर गाठायचे, हा विचार त्यांच्या काळात योजनेत उतरला. आखणीचे सूत्र असे: बोटी आधीच पुढे, सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकवायच्या, मोठ्या जहाजांची सोबत द्यायची आणि इंधन देणारे टँकर जहाज मोहिमेचाच भाग करायचे. पल्ला बोटीत मावत नाही ना? मग तो ताफ्यात वाटून द्या.

२३/
४ डिसेंबर १९७१, ‘ऑपरेशन ट्रायडेंट’. कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटी. सोबत ‘किल्टन’ आणि ‘कच्छल’ ही मोठी, अधिक दूरचे पाहणारी रडार असलेली जहाजे, आणि इंधनासाठी ‘पोशक’ हे टँकर. दिवसभर ताफा कराचीच्या दक्षिणेस सुमारे २५० सागरी मैलांवर, पाकिस्तानी विमानांच्या टेहळणीच्या टप्प्याबाहेर राहिला. अंधार पडल्यावर बोटी उत्तरेकडे निघाल्या.

२४/
ते २५० मैलांचे अंतर नुसते विमानांना चुकवण्यासाठी नव्हते, हे आता ध्यानात येईल. ढोबळ बेरीज करून पाहा. २५० मधून क्षेपणास्त्राचा ४० मैलांचा पल्ला वजा केला की उरतात २१०. जायला २१०, यायला २१०, एकूण ४२०. हाताशी सुमारे ५००. समास अरुंद आहे, एक-तृतीयांशाच्या नियमाहून कितीतरी अरुंद. पण या हिशोबात राखीव साठा बोटींच्या टाकीत नव्हताच. तो परतीच्या वाटेवर ‘पोशक’च्या पोटात होता.

२५/
त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडाली; ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाजही बुडाले. केमारी येथील तेलाच्या टाक्यांनाही आग लागली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ बोटीने ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या फ्रिगेटांसह पुन्हा कराची गाठली, आणि टाक्या पुन्हा पेटल्या. ज्या बोटींना स्वतःच्या इंधनाची पै-पै मोजावी लागत होती, त्यांनी शत्रूचा इंधनसाठाच जाळला. जहाजांवर दोन्ही रात्री माणसे गेली, हेही विसरता कामा नये. भारतात ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो. त्यामागे क्षेपणास्त्रांइतकाच एक दोर आणि एक टँकरही उभा आहे.

२६/
आता या प्रश्नाच्या सर्वांत अलीकडच्या वारसदाराकडे, जेट बोटीकडे, परतू.
आजची जेट बोट घडवण्याचे श्रेय न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांना जाते. १९५०च्या दशकात आयरिशमन क्रीक येथील आपल्या मेंढवाड्याच्या कार्यशाळेत त्यांनी दक्षिण बेटावरच्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही बोट विकसित केली. तिथे साधा पंखा खडकावर आपटून तुटे. म्हणजे जेट बोट जन्मली नदीसाठी, जिथे काठ नेहमी हाताशी असतो. उघड्या समुद्रातील पल्ला हा तिच्या जन्मावेळचा प्रश्नच नव्हता.

२७/
१९७७ मध्ये या बोटी भारतात आल्या. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी ‘ओशन टू स्काय’ ही मोहीम काढली: गंगेच्या मुखाशी असलेल्या गंगासागरापासून प्रवाहाविरुद्ध थेट हिमालयापर्यंत. तीन जेट बोटी: ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’. मुख्य चालक बिल हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हॅमिल्टन. ऑगस्टमध्ये निघालेल्या बोटी सप्टेंबरअखेर नंदप्रयागजवळ एका धबधब्याने अडवल्या, तिथपर्यंत चढल्या.

२८/
प्रवाहाविरुद्धचे गणित समुद्राहून वेगळे, पण तितकेच निर्दय. बोट पाण्यात ताशी ५० किलोमीटरने धावत असेल आणि प्रवाह ताशी १५ने उलटा येत असेल, तर काठावरची झाडे ताशी ३५नेच मागे जातात. खप तोच, अंतर कमी. दर किलोमीटरला सुमारे ४३ टक्के जास्त इंधन. पण नदीपाशी समुद्राकडे नसलेली एक गोष्ट असते: काठ. पाटणा, वाराणसी अशी शहरे वाटेत येतात. इंधन बोटीच्या आधी रस्त्याने पुढे जाऊन घाटावर तिची वाट पाहू शकते.

२९/
समुद्राला घाट नसतात. म्हणून त्याच जेट बोटीला उघड्या समुद्रात नेणाऱ्याला वरच्या उत्तरांपैकीच एक निवडावे लागते. डेकवर लादा, आणि आग व वजन पत्करा. वेग सोडा, आणि जेटचा मुख्य गुणच गमावा. दोर बांधा, आणि दुसऱ्याच्या चालीने चाला. किंवा टँकर ठेवा, आणि भेटीच्या जागी तो असेल यावर विसंबा. आज भारतीय तटरक्षक दलाच्या इंटरसेप्टर बोटीही झोताच्या जोरावर धावतात. तंत्र बदलले; पेच तोच.

३०/
शिडांच्या काळातही पल्ला होताच. वारा फुकट होता, तरी गोड्या पाण्याची पिंपे किती, यावर जहाज किती दिवस बाहेर राहणार ते ठरे. आज आपल्या कोळीवाड्यातला तांडेलही डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा मेळ घालूनच ‘किती दिवसांची ट्रिप’ ते ठरवतो. तिन्हींपैकी जे आधी संपेल, तोच त्याचा पल्ला.

३१/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण नकाशावर बाण काढतो: मुंबईहून कराचीकडे, कॉरेगिडोरहून मिंदानाओकडे, फॅलमथहून सेंट नाझेरकडे. बाणाला टोक असते. परतीची रेघ आपण क्वचितच काढतो. ज्यांनी त्या मोहिमा आखल्या, त्यांनी आधी परतीची रेघ काढली होती, आणि जिथे ती पुरी पडत नव्हती तिथे कोणता धोका पत्करायचा हे डोळे उघडे ठेवून ठरवले होते. पुढच्या वेळी एखाद्या मोहिमेविषयी वाचाल, तेव्हा हा एक प्रश्न जरूर विचारा: यांच्या परतीचे इंधन कुठे होते?

३२/
तुमच्या घरी किंवा गावी कोणी दर्यावर जाणारे असेल, तर त्यांचा इंधनाचा ठोकताळा काय आहे ते विचारून इथे अवश्य लिहा. असे हिशोब पुस्तकांत फारसे येत नाहीत. ते माणसांच्या तोंडी असतात, आणि माणसांबरोबर जातात.